उन्हाळ्यातील ससेपालन: उष्माघात टाळायचा तर तयारी दुपारच्या आधी हवी

सशाला घाम येत नाही. कुत्र्यासारखी धाप टाकून तो शरीर फारसे थंड करू शकत नाही आणि त्रास होत असला तरी ओरडत नाही. त्यामुळे सकाळी व्यवस्थित चारा खाल्लेला ससा दुपारी चार वाजता पिंजऱ्यात आडवा पडलेला आढळतो आणि तोपर्यंत उपचाराची वेळ निघून गेलेली असते. मार्च ते जून या काळातील बहुतेक मरतूक योग्य व्यवस्थापनाने टाळता येते. त्यासाठी शेडमध्ये शिरणारी उष्णता आधीच अडवावी लागते. ससा धापा टाकू लागल्यावर केलेली धावपळ बऱ्याचदा अपुरी पडते. ही माहिती व्यावसायिक ससेपालकांसाठी तसेच घरी हौसेने दोन-चार ससे पाळणाऱ्यांसाठीही उपयोगी आहे.

रानातला ससा उन्हात जगतो, मग पाळीव ससा का नाही?

अनेक पशुपालक हा प्रश्न विचारतात. आपल्या माळरानावर दिसणारा ससा आणि पिंजऱ्यातला पाळीव ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. रानससा जमिनीवरच राहतो, दिवसा झुडपाच्या सावलीत बसून असतो आणि रात्री चरतो. त्याला वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे, त्यामुळे तो पकडणे किंवा पाळणे गुन्हा ठरतो.

न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, ग्रे जायंट, डच या पाळीव जातींचे मूळ मात्र युरोपातील बिळात राहणाऱ्या सशात आहे. हा ससा भर उन्हाच्या वेळी जमिनीखाली जातो. दोन-तीन फूट खोल मातीत दुपारी बाहेरच्यापेक्षा बराच गारवा असतो. आपण त्याच प्राण्याला पत्र्याखाली, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतो. तिथून त्याला कुठेही जाता येत नाही. त्यामुळे बिळात मिळणारी सावली, गारवा आणि शांतता पिंजऱ्यात उपलब्ध करून देणे ही पालकाची जबाबदारी ठरते.

लांब केसांच्या अंगोरा सशाला उष्णता सर्वांत कमी सोसते. म्हणूनच लोकरीसाठी अंगोरा ससेपालन हिमाचल प्रदेशासारख्या थंड भागात केले जाते. महाराष्ट्राच्या मैदानी भागात व्यवसायासाठी आखूड केसांच्या जातीच निवडाव्यात.

सशाचे शरीर थंड कसे राहते?

- निरोगी सशाचे शरीराचे तापमान साधारण ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस असते.
- शरीरातील जास्तीची उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर जाते. कानांवर केस विरळ असतात आणि त्वचेखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. उष्णता वाढली की या वाहिन्या रुंदावतात, कान गरम व लालसर दिसतात आणि रक्त थंड होऊन परत शरीरात जाते.
- ससा अंग लांब करून, पोट जमिनीला टेकवून पसरतो. त्यामुळे थंड पृष्ठभागाला उष्णता देता येते.
- श्वासाचा वेग वाढतो. मात्र ससा जवळपास पूर्णपणे नाकाने श्वास घेणारा प्राणी आहे. तोंड उघडून श्वास घेणारा ससा गंभीर स्थितीत आहे, असे समजावे.

कानांतून उष्णता तेव्हाच बाहेर जाते, जेव्हा भोवतालची हवा कानापेक्षा थंड असते. हवा ४० अंशांच्या पुढे गेली की हा मार्ग बंद होतो. उलट बाहेरची उष्णता कानांतून आत येऊ लागते. म्हणून नुसता पंखा लावून कडक उन्हाळ्यात काम भागत नाही. शेडमधील हवाच ४२ अंशांची असेल तर पंखा सशाच्या अंगावर गरम वारा फेकतो. पंख्याचा उपयोग हवा सावलीतून किंवा ओल्या पडद्यातून येत असेल तेव्हाच होतो.

किती तापमान धोक्याचे?

सशाला १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. ३० अंशांच्या वर ताण जाणवू लागतो आणि ३५ अंशांच्या वर शरीराचे तापमान आवाक्यात ठेवणे त्याला कठीण जाते. परंतु फक्त तापमान पाहून अंदाज चुकतो, कारण दमट हवेत श्वासावाटे उष्णता बाहेर टाकणे आणखी अवघड होते. म्हणून सशांसाठी तापमान व आर्द्रता यांचा एकत्रित निर्देशांक वापरला जातो. त्यानुसार काढलेल्या ढोबळ मर्यादा पुढीलप्रमाणे:

- आर्द्रता २० टक्के: ३२ अंशांपासून ताण सुरू, ३५ अंशांच्या पुढे अतितीव्र ताण
- आर्द्रता ४० टक्के: ३१ अंशांपासून ताण सुरू, ३३.५ अंशांच्या पुढे अतितीव्र ताण
- आर्द्रता ६० टक्के: ३० अंशांच्या आसपास ताण सुरू, ३२ अंशांच्या पुढे अतितीव्र ताण
- आर्द्रता ८० टक्के: २९ अंशांच्या आसपास ताण सुरू, ३१ अंशांच्या पुढे अतितीव्र ताण

याचा अर्थ असा की, विदर्भातील कोरड्या हवेतील ३८ अंश (आर्द्रता २० टक्के) आणि कोकणातील ३४ अंश (आर्द्रता ७० टक्के) यांचा सशावर येणारा ताण जवळपास सारखाच असतो. 'आमच्याकडे पारा चाळीसच्या पुढे जात नाही' म्हणून कोकण आणि गोव्यातील पालकांनी निश्चिंत राहू नये.

शेडमध्ये सशांच्या उंचीवर तापमान व आर्द्रता दाखवणारे साधे यंत्र टांगावे. ते दारापाशी लावू नये, कारण तिथे हवा खेळती असते आणि आकडा कमी दिसतो. दुपारी दोन ते चार या वेळेतील आकडा रोज वहीत लिहावा. मार्चच्या नोंदी पाहूनच मे महिन्यात आपल्या शेडमध्ये काय होणार, याचा अंदाज येतो.

छत आणि शेड: पहिला खर्च इथे करावा

शेडमधील उष्णतेचा मोठा भाग तापलेल्या छतातून येतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी हात वर केला तरी झळ जाणवते. म्हणून कूलर किंवा फॉगर घेण्याआधी छताचे काम करावे. छताला वीज लागत नाही, आणि भारनियमन नेमके दुपारी असले तरी ते काम करत राहते.

- पत्र्याला बाहेरून चुन्याचा दाट पांढरा थर द्यावा. चुन्यात थोडा डिंक मिसळल्यास तो टिकतो. वळवाच्या पावसाने थर धुपला असेल तर पुन्हा द्यावा.
- छतावर उसाचे पाचट, भाताचा पेंढा, तुराट्या किंवा नारळाच्या झावळ्या यांचा सुमारे अर्धा फूट जाडीचा थर पसरून दोरीने घट्ट बांधावा. वावटळीत तो उडून जाणार नाही, याची काळजी घ्यावी. विजेच्या तारा या थरापासून दूर ठेवाव्यात.
- पत्र्याच्या खाली एक-दीड फूट अंतर सोडून बांबूची चटई किंवा शेडनेट ताणल्यास मधली गरम हवा दोन्ही टोकांनी बाहेर जाते आणि झळ पिंजऱ्यापर्यंत पोहोचत नाही.
- नवीन शेड बांधताना लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन शेडच्या अरुंद बाजूंवर पडते.
- बाजूच्या भिंती दोन-तीन फूट उंच ठेवून वर जाळी लावावी. उष्ण वारे वाहत असताना त्या बाजूला गोणपाट सोडावे. संध्याकाळी ते गुंडाळून शेड मोकळे करावे.
- जाळी साप, मुंगूस आणि मांजर आत येणार नाही इतकी बारीक असावी. गारव्याच्या शोधात साप शेडमध्ये शिरतात.
- पश्चिमेला शेवगा, शेवरी किंवा मांडवावर दोडका-भोपळ्याचे वेल लावल्यास पुढच्या उन्हाळ्यात नैसर्गिक सावली मिळते.

दोन-तीन मजली पिंजरे असल्यास वरचा मजला सर्वांत गरम असतो. गाभण माद्या आणि पैदाशीचे नर खालच्या मजल्यावर हलवावेत. पिंजऱ्यांखाली साचलेल्या लेंड्या व मूत्र कुजून अमोनिया तयार होतो. तापलेल्या शेडमध्ये तो अधिक त्रासदायक ठरतो आणि आधीच वेगाने श्वास घेणाऱ्या सशाच्या नाकाला व फुफ्फुसाला इजा करतो. उन्हाळ्यात खालची सफाई रोज करावी. एका पिंजऱ्यात दाटीवाटीने ससे ठेवू नयेत, प्रत्येकाला अंग लांब करून पसरता यावे.

पाणी: ते थंड आहे का, हे हात लावून पाहावे

सशाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते १५० मिलि पाणी लागते. उन्हाळ्यात ही गरज वाढते. पिल्लांना दूध पाजणारी मादी दिवसाला एक लिटर किंवा त्याहून अधिक पाणी पिऊ शकते. पाणी कमी पडले की ससा आधी खाणे सोडतो, आणि सशाचे खाणे थांबणे हे स्वतःच एक संकट असते.

अनेक शेडमध्ये पाण्याची टाकी भरलेली असते, निपल चालू असतात, तरी ससे पाणी पीत नाहीत. याचे कारण टाकी आणि पाइप उन्हात असतात. काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीतील पाणी दुपारी हाताला चटका बसेल इतके तापते. पुढील काळजी घ्यावी:

- टाकी सावलीत ठेवावी. शक्य नसल्यास पांढरा रंग द्यावा आणि भोवती गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवावे.
- पाइप जमिनीत पुरावा किंवा पेंढ्याने झाकावा.
- दुपारी १२ आणि ३ वाजता पाइपमधील तापलेले पाणी शेवटच्या टोकाने सोडून द्यावे.
- प्रत्येक निपल रोज बोटाने दाबून पाहावे. क्षारांमुळे ते बंद पडते आणि त्या एकाच पिंजऱ्यातील ससा तहानलेला राहतो.
- निपल असले तरी कडक उन्हात जोडीला मातीचे जड, पसरट भांडे ठेवावे. मातीच्या भांड्यात पाणी गार राहते आणि ससा भांड्यातून अधिक सहज पाणी पितो.
- इलेक्ट्रोलाइट द्यायचे असल्यास पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणात द्यावे आणि शेजारी साधे पाणीही ठेवावे. चव न आवडल्यास ससा पाणीच पिणे सोडतो.

ओलावा देऊन गारवा: कुठे चालतो, कुठे नाही

पाण्याचे बाष्प होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. माठातील पाणी यामुळेच गार राहते. हवा जितकी कोरडी, तितका हा परिणाम जास्त.

*विदर्भ, मराठवाडा, खानदेश:* एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असल्याने ओले गोणपाट, वाळ्याचे पडदे, कूलर आणि फॉगर यांचा चांगला उपयोग होतो. बाहेर ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या पडद्यातून हवा खेचून शेड ३१ अंशांवर आणता आले, तर आर्द्रता वाढूनही सशावरचा ताण अतितीव्र पातळीवरून मध्यम पातळीवर येतो. पडदे वाऱ्याच्या बाजूला लावावेत आणि समोरची बाजू उघडी ठेवावी. चारही बाजू ओल्या पडद्यांनी बंद केल्यास आत कोंदट वाफ तयार होते.

*कोकण, गोवा, मुंबई परिसर:* हवेत आधीच बाष्प भरपूर असल्याने कूलरने तापमान फारसे उतरत नाही. उलट बिछाना ओला राहतो, पायांना जखमा होतात आणि बुरशी व खरजेसारखे त्वचेचे आजार वाढतात. इथे सावली, उंच छत आणि मोकळा वारा यांवर भर द्यावा. वारा पडलेला असेल तेव्हा पंखे लावावेत.

*पावसाच्या तोंडावर:* जूनच्या सुरुवातीला कोरड्या भागातही हवा दमट होते, पण पारा लगेच उतरत नाही. मे महिन्यात चाललेली कूलरची पद्धत या पंधरवड्यात तशीच चालू ठेवू नये. आर्द्रतेचा आकडा पाहून फॉगर बंद करावेत आणि शेड मोकळे करावे.

फॉगर सशाच्या अंगावर थेट पडणार नाही असा लावावा. ओल्या, मळलेल्या केसांवर माश्या अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. रोज शेपटीखालचा भाग तपासावा.

कमी खर्चाचे उपाय

- एक लिटरची प्लॅस्टिक बाटली पाऊण भरून गोठवावी, गोणपाटात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावी. ससा तिला टेकून बसतो. दर तीन-चार तासांनी बदलावी. सशाने प्लॅस्टिक कुरतडलेले नाही ना, हे पाहावे.
- पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात शहाबादी फरशीचा किंवा जुन्या कौलाचा तुकडा पाण्यात भिजवून ठेवावा.
- तोंड फुटलेला माठ किंवा रांजण धार घासून, आडवा करून, अर्धा मातीत रुतवून ठेवावा. वरून दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडावे. मोकळ्या वाड्यात ठेवलेल्या सशांसाठी हे सर्वांत चांगले कृत्रिम बीळ ठरते.
- ओल्या फडक्याने कानांची बाहेरची बाजू पुसावी. कानात पाणी जाऊ देऊ नये.

खाद्य: वेळ बदलावी, चारा ताजा द्यावा

अन्न पचताना शरीरात उष्णता तयार होते. त्यामुळे दुपारच्या तोंडावर पोटभर खाद्य देऊ नये. दिवसाच्या खाद्यातील मोठा भाग सूर्यास्तानंतर आणि उरलेला भाग पहाटे द्यावा. ससा तसाही रात्री आणि पहाटे अधिक खातो.

- वाळलेले गवत चोवीस तास उपलब्ध असावे. त्यातील तंतूंवरच सशाचे पचन चालते.
- हिरवा मका, दशरथ घास, लसूणघास, शेवरी यांसारखा चारा पहाटे कापून सावलीत पातळ थरात पसरून ठेवावा. ढिगात ठेवलेला हिरवा चारा आतून तापतो व आंबतो. तो दिल्यास पोट फुगते.
- हौसेने पाळलेल्या प्रौढ सशांना रोज लसूणघास देऊ नये. त्यातील जास्त कॅल्शियममुळे मूत्राशयात गाळ साचण्याचा धोका असतो. पाणी कमी पडल्यास हा धोका वाढतो.
- कलिंगडाची साल, काकडी चवीपुरती द्यावी. पाणीदार पदार्थ जास्त झाल्यास हगवण लागते. कांदा, लसूण आणि बटाट्याचा पाला देऊ नये.
- पेलेट खाद्याची पोती पत्र्याला किंवा भिंतीला टेकवून ठेवू नयेत. उष्णतेने त्यातील जीवनसत्त्वे नष्ट होतात.

गाभण माद्या आणि पिल्ले

सशाचा गाभणकाळ ३० ते ३२ दिवसांचा असतो. शेवटच्या आठवड्यात पोटातील पिल्लांमुळे मादीच्या शरीरात जास्त उष्णता तयार होते, त्यामुळे उष्माघाताचा धोका याच माद्यांना सर्वाधिक असतो. मार्चच्या मध्यावर लावलेली मादी एप्रिलच्या मध्यावर पिल्ले देते आणि पिल्लांचे संगोपन भर उन्हात येते. शेड थंड ठेवण्याची खात्रीशीर सोय नसेल तर फेब्रुवारीनंतर पैदास थांबवावी. एक वेत कमी झाले तरी मादी वाचते.

पिल्ले जन्मतः केसांविना असतात. त्यांना सुरुवातीला ऊब लागते, पण बंद लाकडी पेटीत आणि मादीने उपटलेल्या केसांच्या जाड थरात ती उन्हाळ्यात भाजून निघतात. पेटीत डोकावून पिल्लांची स्थिती पाहावी. एकमेकांना चिकटून शांत झोपलेली पिल्ले सुस्थितीत असतात. एकमेकांपासून लांब पसरलेली, लालसर, चुळबुळ करणारी पिल्ले तापलेली असतात. अशा वेळी वरचे केस कमी करावेत आणि पेटीला बाजूने भोके पाडावीत किंवा जाळीच्या तळाची पेटी वापरावी.

मादी पिल्लांना दिवसातून साधारण एकदाच, बहुधा रात्री किंवा पहाटे, काही मिनिटे दूध पाजते. त्यामुळे सकाळी दूध पाजून झाल्यावर पेटी घरातील थंड खोलीत हलवता येते आणि संध्याकाळी परत ठेवता येते. पेटी आणि पिंजरा यांवर एकच क्रमांक घालावा, म्हणजे अदलाबदल होत नाही. ओलाव्यामुळे मुंग्या येतात आणि त्या नवजात पिल्लांना मारतात. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत.

पैदाशीचा नर: जुलैमधील नुकसान मे महिन्यात होते

नर उष्णतेने मेला नाही, म्हणजे त्याला काही झाले नाही असे नसते. सतत काही दिवस ३० अंशांच्या वर राहिलेल्या नरात शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते. सशात शुक्राणू तयार होऊन बाहेर पडण्यास साधारण दीड ते दोन महिने लागतात. म्हणजे मे महिन्यात बिघडलेली प्रक्रिया सुधारून चांगले शुक्राणू मिळायला जुलै उजाडतो. पाऊस पडून हवा गार झाली, नर माद्यांवर जातो आहे, तरी माद्या गाभण राहत नाहीत, याचे हे एक प्रमुख कारण आहे. अनेक पालक अशा वेळी मादीला दोष देऊन ती विकून टाकतात.

- सर्व सशांसाठी सोय शक्य नसेल, तरी नरांना शेडमधील किंवा घरातील सर्वांत थंड जागा द्यावी. दहा माद्यांची पैदास एका नरावर अवलंबून असते.
- उन्हाळ्यात नर-मादी भेट फक्त पहाटे घडवावी.
- पावसाळ्याच्या सुरुवातीला माद्या भरवल्यावर १२ ते १४ दिवसांनी जाणकाराकडून पोट चाचपून गाभण तपासणी करावी. एकाच नराच्या बऱ्याच माद्या रिकाम्या निघाल्यास त्या नराला आणखी काही आठवडे विश्रांती द्यावी.

घरात पाळलेले ससे

शहरातील सशांसाठी सर्वांत धोकादायक जागा म्हणजे पश्चिमेकडील गॅलरी. सकाळी तिथे सावली असते म्हणून पिंजरा ठेवला जातो, आणि घरातील मंडळी कामावर गेल्यावर दुपारी थेट ऊन येते. मार्चपासून पिंजरा घरात, फरशीवर, खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावा. प्लॅस्टिकची बंद घरकुले काढून मातीचे किंवा पुठ्ठ्याचे द्यावे. वातानुकूलन यंत्र असल्यास २५-२६ अंश पुरेसे आहे, झोत थेट पिंजऱ्यावर नसावा.

सशाला अंघोळ घालू नये. भिजलेला ससा घाबरतो आणि त्याचे दाट केस लवकर वाळत नाहीत. लांब केसांच्या सशाचे केस रोज विंचरावेत, गरजेप्रमाणे आखूड करावेत. बंद गाडीत ससा काही मिनिटेही ठेवू नये. पशुवैद्यकाकडे न्यायचे असल्यास सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर न्यावे.

उष्माघाताची लक्षणे

- सुरुवातीची: ससा लांब पसरतो, कान गरम व लाल होतात, श्वास वेगाने चालतो, खाणे कमी होते.
- गंभीर: मान मागे ताणून तोंडाने श्वास घेणे, लाळेने हनुवटी ओली होणे, अडखळत चालणे, हाकेला व स्पर्शाला प्रतिसाद न देणे. शरीराचे तापमान ४०.५ अंशांच्या वर जाते.
- शेवटची: ओठ निळसर पडणे, झटके, बेशुद्धी.

प्रथमोपचार

१. सशाला लगेच सावलीत, थंड फरशीवर न्यावे. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा पुठ्ठ्याखाली द्यावा. कान धरून उचलू नये.

२. कान आणि पाय माठातल्या गार पाण्याने ओले करावेत आणि हळू वारा घालावा. बर्फ चोळू नये आणि बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. अतिथंड पाण्याने रक्तवाहिन्या आकसतात, उष्णता आतच अडकते आणि सशाला धक्का बसतो.

३. ससा शुद्धीवर असेल तर तोंडासमोर पाणी ठेवावे. जबरदस्तीने पाजू नये, पाणी फुफ्फुसात जाते.

४. तापमान ३९.५ अंशांपर्यंत उतरले की ओले करणे थांबवावे.

५. पशुवैद्यकाशी संपर्क साधावा. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो.

पॅरासिटामॉल देऊ नये. उष्माघातातील तापमान त्याने उतरत नाही. घरातील किंवा शेळ्यांसाठी आणलेली प्रतिजैविकेही देऊ नयेत. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन यांसारखी औषधे तोंडाने दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि त्यातून मृत्यू ओढवू शकतो.

सावरलेल्या सशावर पुढील दोन दिवस लक्ष ठेवावे. बारा तासांत काही खाल्ले नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर आतड्यांची हालचाल थांबल्याची शक्यता असते. अशा सशाला त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे.

उन्हाळ्यातील दिनक्रम

- पहाटे ५ ते ७: चारा कापणे, खाद्य देणे, शेडची सफाई, नर-मादी भेट, पिल्लांच्या पेट्या थंड जागी हलवणे.
- सकाळी १० वाजता: पडदे सोडणे व ओले करणे, पाण्याची भांडी भरणे, फरशीचे तुकडे भिजवणे. ही कामे ऊन चढण्यापूर्वी संपवावीत.
- दुपारी १२ आणि ३ वाजता: पाइपमधील तापलेले पाणी सोडणे, गोठवलेल्या बाटल्या बदलणे, प्रत्येक पिंजऱ्यासमोर थांबून श्वास व कान पाहणे. या वेळेत ससे पकडणे, लसीकरण किंवा वाहतूक करू नये.
- संध्याकाळी ६ नंतर: पडदे उघडणे, मुख्य खाद्य देणे, पेट्या परत ठेवणे, शेपटीखालचा भाग तपासणे.
- रात्री ९ वाजता: पाणी पुन्हा भरणे आणि शेडमधील तापमानाची नोंद करणे. रात्रीही शेड ३० अंशांच्या खाली येत नसेल तर सशांना दिवसभराच्या ताणातून सावरायला वेळ मिळत नाही. अशा वेळी रात्रभर पंखे चालू ठेवावेत आणि छताच्या थराची जाडी वाढवावी.

कमी बजेट असलेल्या पालकांनी खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी छत व सावली, मग गार पाणी, मग नर व गाभण माद्यांसाठी थंड कोपरा आणि सर्वांत शेवटी पंखे व कूलर. वीज गेली तरी पहिल्या तीन गोष्टी दुपारभर काम करत राहतात.